पिवळ्या ट्रॅक्टरचा दावा

इनेझ टिलरी शेजारच्या लुशसच्या नजरेत पहिल्यांदा भरल्या त्या चर्चच्या जेवणात. बटाट्याच्या सॅलडवरचं झाकण उचलून त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या हातचं?" उत्तर मिळेपर्यंत ताट रिकामंच. अलाबामातल्या त्या गावात हा प्रश्न सगळेच मनात विचारत. इनेझताई मोठ्यानं विचारायच्या.

त्यांनी जिल्ह्यावर दावा लावला तेव्हा म्हणूनच कुणाला नवल वाटलं नाही. गोऱ्यांच्या दफनभूमीत जिल्ह्याचा पिवळा ट्रॅक्टर गवत कापतो आणि आपल्या काळ्या माणसांच्या थडग्यांवर कमरेएवढं रान माजतं, हा समान हक्काचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक्टरवरचं जिल्ह्याचं चिन्ह त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

एके दुपारी त्यांचे वकील रेन्फ्रो घरी आले. लुशस व्हरांड्यात उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता.

"बाई, दावा मागे घेऊ या. तो ट्रॅक्टर जिल्ह्यानं लिलावात विकलाय. त्या दफनभूमीच्या खासगी समितीनं घेतला; तिथलं गवत आता तीच कापते, जिल्हा नाही. तीन आठवड्यांत माघार घेतली तर जिल्हा काही मागणार नाही. नाहीतर न्यायाधीश म्हणतील, दावा बिनबुडाचा, जिल्ह्याच्या वकिलाचा खर्च तुम्ही भरा. घरावर बोजा चढेल."

"शब्द तोंडी दिलाय?"

"लेखी."

"आणि तुमचं काय होईल?"

"मलाही दंड."

"मग भीती कुणाची वाटतेय? माझी, की स्वतःची?"

"आधी स्वतःची."

"आज पहिल्यांदा सरळ बोललात. लुशसभाऊ, गाडी काढा. बघूनच येऊ."

गोऱ्यांच्या दफनभूमीच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता, चिन्हासकट. इनेझताईंनी बोटानं चिन्ह खरवडून पाहिलं. शेजारीच समितीच्या नावाची पाटी होती. लिलावाची चिठ्ठीही मागच्या चाकावरच्या पत्र्याला चिकटलेली.

"रंग द्यायला फुरसत मिळाली नाही," म्हातारा राखणदार म्हणाला.

"फुरसत नाही, का मन नाही?"

"बाई, मला काय माहीत! मी नुसता चालवतो."

परतताना लुशसनं हळूच विचारलं, "पटलं का, ताई?"

"लिलाव पटला. चिन्ह का ठेवलं, ते नाही पटलं. पण नुसत्या संशयावर घर नाही लावायचं पणाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दावा मागे घेण्याच्या कागदावर सही केली.

इनेझताई आजही त्याच घरात राहतात. शनिवारी लुशसला घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत कापतात.