पालथी थाळी

धुरपताबाईने पोराच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. हे ती गावभर सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

सौंदडच्या ठेसनापासून दोन कोसांवर, तळ्याच्या पाळीखाली तिचं घर. नवरा उमराव, जातीचा कोहळी, तळ्याच्या पाण्यावर धान काढणारा. त्याचा हात मात्र चाले. चिडला की दुधरामच्या पाठीत दोन ठेवून द्यायचा आणि घटकाभरानं त्यालाच तंबाखूची चंची आणायला सांगायचा. बापाचा मार पोराच्या अंगावरून आंघोळीच्या पाण्यासोबत उतरून जाई. मायचं तसं नव्हतं.

तिची माहेरून आलेली काशाची एक थाळी होती. गडीमाणसं जेवून उठल्यावर बायांनी जेवायचं, ही घरची रीत. त्यामुळे बाई जेवली की उपाशी राहिली, हे कोणाला कळतही नसे. धुरपताबाईने त्यावर आपला उपाय काढला होता. मनाविरुद्ध काही झालं की ती थाळी चुलीजवळ पालथी घाली. बोलणं नाही, रडणं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, मले कोठी काय झालं, भूक नाही.

दुधराम तेरा वर्षांचा असताना शेजारगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचा नाच पाहायला पोरांसोबत न सांगता गेला. परत आला तर थाळी पालथी. तिसऱ्या दिवशी त्यानं पाय धरले तेव्हा ती जेवली. पुढल्या वर्षी पोरं बोलवायला आली, तर हा म्हणाला, मले दंडार आवडत नाही. तळ्याचं पाणी सोडायचं तोंड, म्हणजे तुडुम, उघडायला बुडी मारावी लागते. उमराव त्यात पटाईत. पोराला ते शिकायचं होतं. थाळी पालथी झाली, आणि तेही राहिलं.

पुढे पुढे तिला थाळीला हातही लावावा लागेना. कोणी काही विचारलं की दुधराम आधी मायच्या तोंडाकडे पाही. बोरं खातोस का म्हटलं तरी पाही. बाया म्हणत, असं गुणाचं लेकरू मिळायला नशीब लागतं. तिला बरं वाटे. झिंग्याची चटणी दुधरामला फार आवडते म्हणून ती एक दिवसही चुकवत नसे.

तिच्या मनात पोराचं वाईट नव्हतं. तिचं एक जुनं गणित होतं. ती दहा वर्षांची असताना मोठा भाऊ हिरालाल कालीमाटीला, लोखंडाच्या कारखान्यात कामाला निघाला. मायने कोंबडी कापली. सगळे नाक ओढत बसलेले, आणि ही पोट तट्ट होईपर्यंत जेवली. भावाच्या थाळीतलेही दोन घास उचलले, हसली. भाऊ गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना सांगावा. आपण जेवलो म्हणून तो गेला, असं पोरीच्या डोक्यात बसलं ते निघालंच नाही.

मग लग्नाच्या चौथ्या वर्षी उमरावनेच कालीमाटीसाठी गठुडं बांधलं. तिला कोणी विचारलं नाही. लग्नातही विचारलं नव्हतं. घरातलं जातं सासूचं, बैल सासऱ्याचे. तिचं स्वतःचं म्हणावं तर तेवढं एक पोट होतं. तिनं पहिल्यांदा थाळी पालथी घातली. तिसऱ्या दिवशी उमरावने गठुडं सोडलं. तिचा भरवसा बसला तो तिथून.

सन छत्तीसचा रोवणा चालू होता. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाया ओळीने वाकून परह्यांची रोपं लावत होत्या. शेजारची शांतीबाई पेंढी सोडता सोडता सहज बोलून गेली, "दुधराम गोंदियाले गेला का तुले घर खायले धावन, वो धुरपता."

धुरपताबाईचे हात चिखलात थांबले. "कायले जाते तो गोंदियाले?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकेक करून कळलं. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये इंजिनावरच्या मिस्त्रीच्या हाताखाली काम. शाळेतल्या टिकाराम मास्तरने चिठ्ठी दिलेली. पोळा झाला की निघायचं. गावाला महिनाभरापासून माहीत होतं. गुराख्यालाही माहीत होतं.

"तुले नाही सांगतलन का?" शांतीबाईनं विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच वाईट वाटलं.

धुरपताबाई तशीच घरी आली. पाय धुतले, थाळी काढली आणि पालथी घातली. उमराव ओसरीत दोर वळत होता. दुधराम आला, थाळी पाहिली, तिच्याजवळ खाली बसला. पाय मात्र धरले नाहीत.

"साऱ्या गावाले सांगतलास, अना मले नाही?" ती म्हणाली.

"सांगतलो असतो, माय. पन सांगतलो का तू जेवत नाहीस. बाले सांगतलो तं बा एक मारते अना चूप बसते. बैलाले बी सांगतलो मी. तुले सांगाचा भेव वाटते." मग तो म्हणाला, "जाच्या दिवशी थारी अशी दिसली तं माहे पाय नाही निघत. मले मालूम हाये ते."

ओसरीतून उमराव बोलला. दोर वळणं चालूच.

"ह्या थारीपायी मी कालीमाटीले नाही गेलो, असं वाटते ना तुले? मले भेव वाटला होता. भट्टीत मानूस पडला तं हाडूक बी भेटत नाही, असं कोनी सांगतलन. तू थारी पालथी घातलीस, मले बहाना भेटला."

धुरपताबाई त्याच्याकडे वळली. "बावीस वरसं काऊन नाही सांगतलास?"

"बायको जेवत नाही म्हनून राहिला, यात इज्जत होती," उमराव म्हणाला. "भेला म्हनून राहिला, यात कोठी होती?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बांधीवर भूक आवरेना, तेव्हा शांतीबाईच्या शिदोरीतला भात मुकाट्यानं खाल्ला. रोवणा करता करता ती एकच गोष्ट उलटसुलट करत होती. उमराव थाळीपायी थांबला नव्हता. ती जेवली असती तरी तो थांबलाच असता. मग हिरालाल तरी तिच्या जेवणापायी गेला होता का? त्याचं गठुडं तर कोंबडी कापायच्या आधीच बांधून झालं होतं. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बांधलेलं गठुडं आठवत होतं, पण इतकी वर्षं ती त्याला हिशेबात धरतच नव्हती.

घरी ती काही बोलली नाही. दुधरामनेही विचारलं नाही.

पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भात, लाखोरीचं वरण आणि झिंग्याची चटणी केली. दुधराम गठुडं काखेत घेऊन दारातच उभा. नजर चुलीजवळ. थाळी भिंतीला टेकलेली होती. धुरपताबाई उठली, तेव्हा पोराचं तोंड उतरलं. तिनं थाळी घेतली, पदरानं पुसली, सुलटी मांडली आणि तिच्यात आपल्याला भात वाढला. बाप-लेक उपाशी असताना ती पाटावर बसली आणि जेवू लागली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

पहिला घास तोंडातच फिरत राहिला. हिरालालची थाळी डोळ्यांपुढे आली. तिनं पाण्याच्या घोटासोबत तो खाली ढकलला आणि दुसरा उचलला.

"बस," ती पोराला म्हणाली. "गाडी चुकन तुही."

दुधराम बसला. तिनं उष्ट्या हातानंच त्याला वाढलं, नेहमीसारखी चटणी वाढायला वाटी उचलली. त्यानं हात आडवा धरला. या वेळी त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"झिंग्याची चटनी मले आवडत नाही, माय. कधीच नाही आवडली."

धुरपताबाईचा हात थांबला. मग तिनं वाटी आपल्याकडे ओढली आणि सारी चटणी आपल्या थाळीत ओतून घेतली.