एप्रिलचा दुसरा शनिवार

मँचेस्टरच्या एका युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागात प्रबुद्ध गजभिये एकवीस वर्षं सामन्यांचं वेळापत्रक लावत होता. अमेरिकन फुटबॉलची टीम कुठल्या शनिवारी घरच्या मैदानावर खेळेल आणि कुठल्या शनिवारी बाहेर जाईल, हे त्याच्या तक्त्यावर ठरे. एप्रिलचा दुसरा शनिवार तो न चुकता मोकळा ठेवी. ईस्टरच्या सुट्टीत मुलं घरी गेलेली असत, मैदान ओस पडलेलं असे आणि मैदानाकाठचं पॅव्हिलियन त्याच्या मंडळाला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी मिळे. पहिली जयंती अकरा माणसांत, तिथल्याच एका बैठकीच्या खोलीत झाली होती. आता तीनशे येत.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या डायरेक्टरबाईंनी बारा एप्रिलवर बोट ठेवलं. अमेरिकेतली एक कॉलेज टीम दौऱ्यावर येणार होती.

"बाहेरच्या मैदानावर घेऊ या ना," प्रबुद्ध म्हणाला.

"म्हणजे बसचं भाडं आपण भरायचं आणि तिकिटं त्यांनी विकायची? होम गेम म्हणजे पार्किंग, बार, जाहिराती. विभाग त्यावर चालतो, प्रबुद्ध." मग त्या जरा नरमल्या. "तारीख हलवणं शक्य नाही असं तुमच्या मंडळानं लिहून दिलं, तर मी सामना हलवीन."

एका पत्राचंच तर काम होतं. रविवारी तो मंडळाचा अध्यक्ष गिरीश याच्या घरी गेला. गिरीश त्याच्यासारखाच नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, वयानं वीस वर्षांनी लहान.

"दादा, पत्र कसं देऊ?" गिरीश चहा ढवळत म्हणाला. "जयंती चौदाला. शनिवार ही आपली सोय. शशीकाका चौदालाच अडून बसले होते, तेव्हा त्यांना हे कोणी पटवलं? तुम्हीच ना?"

ते खरं होतं. हॉल शनिवारीच मिळतात, पोरांच्या शाळा, माणसांच्या नोकऱ्या, असं सांगून त्यानंच मंडळातल्या त्या सर्वांत जुन्या म्हाताऱ्याला गप्प केलं होतं.

"आणि मॅडमशी माझं बोलणं झालंय," गिरीश पुढे म्हणाला. "साठ फ्री पास देतायत. मोठ्या स्क्रीनवर मंडळाचं नाव. कम्युनिटी पार्टनर!"

"मला न विचारता?"

"तुम्ही स्टाफ ना, दादा. तुमचा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट झाला असता."

"पॅव्हिलियनमध्ये कोणी आपलं नाव स्क्रीनवर लावत होतं का?" गिरीशची बायको वैजयंती बशी पुढे करत हसली. "घ्या, शंकरपाळे घ्या. एवढं काय मनाला लावून घेता?"

"ती जागा एकवीस वर्षं राखली, वहिनी."

"राखली म्हणजे काय, तुमच्या नावावर थोडीच होती!"

प्रबुद्धनं बशीला हात लावला नाही. पत्र न घेताच तो ट्राममध्ये बसला.

जयंती सव्वीस तारखेवर गेली, शहराबाहेरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. ट्राम तिथवर जात नव्हती, म्हणून शशीकाका आलेच नाहीत. तीनशेंच्या जागी नव्वद माणसं जमली.

त्याआधी बारा एप्रिलला प्रबुद्ध ड्यूटीवर होता. पार्किंग साडेअकरालाच भरलं. गळ्यात टीमचे मफलर घातलेले गिरीश, वैजयंती आणि मंडळाची बाकीची माणसं पास नाचवत आली.

"जय भीम, दादा! काय गर्दी आहे हो!"

"जय भीम," तो म्हणाला आणि त्यांना गेट दाखवलं.

मध्यंतरात मंडळाचं नाव स्क्रीनवर झळकलं, एक गाड्यांचा विक्रेता आणि एक पिझ्झावाला यांच्या मधोमध. प्रबुद्धनं घड्याळ पाहिलं. चार सेकंद. साठ माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती. पॅव्हिलियनमध्ये जाहिरातदारांचं जेवण चालू होतं.

मे महिन्यात पुढच्या वर्षीचा तक्ता करायला तो बसला. डायरेक्टरबाईंनी अजून काही मागितलं नव्हतं. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी त्यानं आपणहून होम गेम भरला आणि तक्ता पाठवून दिला.