पेट्रोल, क्रूड आणि सोनबाचा कोळसा

जी गाडी कधी त्रास देत नाही, तिची गोष्ट कोणी सांगत नाही. आमची गाडी आठवड्यातून सहा दिवस त्रास द्यायची आणि सातव्या दिवशी दुरुस्तीला असायची! त्यामुळे गोंदिया-देवरी लाइनीवर मी जितकी वर्षं मोटार हाकली, तितक्या वर्षांत किश्शांचा एवढा ढीग साचला की आता कोणी नुसतं 'मोटार' म्हटलं तरी घरचे लोक हळूच उठून जातात. तुम्ही बसलात, म्हणून सांगतो.

लढाईचा काळ होता. पेट्रोलवर कंट्रोल आलेलं. महिन्याची कुपनं पहिल्या आठवड्यातच संपायची. आमच्या मालकांची भातशेती मोठी, एक राइस मिल आणि ही एक पॅसेंजर मोटार. मिलवर त्यांचा जीव, मोटारीवर राग. कारण मिलचं इंजिन स्वस्त क्रूड ऑइलवर चालायचं, ज्याला आज आपण डिझेल म्हणतो.

एक दिवस मला मिलमध्ये बोलावून म्हणाले, "नारायण, हे इंजिन क्रूड पिऊन दिवसभर धान भरडते. तुझी मोटार काऊन नाही पित?"

मी समजावलं, "मालक, मोटारीत प्लगची चिनगारी पडते, तेव्हा पेट्रोल पेटते. क्रूडच्या इंजिनात चिनगारीच नसते. तिथं दाबानं पेटते."

मालकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मंग तू चिनगारी काढून टाक ना!"

* * *

कुपनं वाढवून मागायला मालक मला घेऊन ऑफिसात गेले. तिथला कारकून नवा होता, कुठून तरी दुसऱ्या प्रांतातून आलेला.

"पिछले महीने का पेट्रोल कहाँ गया?"

मालकांनी हात जोडले. "साहब, जल गया।"

कारकून खुर्चीतून उठलाच. "जल गया? कहाँ?"

"इंजन में, साहब."

मालक हसले, मी हसलो. कारकून हसला नाही. पुढच्या महिन्यात कुपनं निम्मी आली आणि अर्जावर शेरा होता : 'साठा मालकाने जाळला.'

* * *

शेवटी मालकांनी मोटारीच्या मागं गॅसची भट्टी बसवली. उभं लोखंडी पिंप, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पंखा फिरवून धग धरायची, आणि निघालेला गॅस नळीनं इंजिनात. पेट्रोल लागायचं ते फक्त सुरू करताना, बाटलीभर. भट्टी सांभाळायला मालकांनी सोनबाला ठेवलं. सोनबा रेल्वेतून रिटायर झालेला फायरमन. निळा कोट, गळ्यात शिटी. त्याच्या मते इंजिन म्हणजे रेल्वेचं. बाकी सगळे पंप!

पहिल्याच दिवशी आमगावच्या चौकात त्यानं शिटी मारून गाडी थांबवली.

"काय झालं?"

"सिग्नल कुठं आहे?"

"सोनबा, ही सडक आहे!"

"म्हणूनच त थांबवली! रुळावरची गाडी इकडंतिकडं जात नाही. इथं तू आमाले कुठंही नेशील!"

* * *

भट्टी पेटायला तासभर लागायचा. पॅसेंजर सात वाजता यायचे, गाडी आठला हलायची. त्या तासात मालक स्वतः उभे राहून लोकांना कोळशाचं महत्त्व पटवून द्यायचे. "पेट्रोलवर सरकार टॅक्स घेते. क्रूड आगबोटीनं येते, त्यावर जकात. कोळशावर? काही नाही! आपलं जंगल, आपला कोळसा."

एक म्हातारा शेतकरी मन लावून ऐकत होता. त्यानं विचारलं, "अन् बैलावर?"

"बैलावर कायचा टॅक्स?"

"मंग मी उतरतो. माझी बैलबंडी मांगून येऊनच राहिली."

म्हातारा उतरला. त्या दिवशी चढावर गॅस पडला, म्हणजे त्याचा जोर संपला, आणि मालकांसकट आम्ही ढकलत असताना त्याची बंडी शेजारून पुढं गेली. त्यानं मालकांना रामराम केला. मालकांनी बघितलंच नाही असं दाखवलं!

* * *

'कोळशावर काही नाही' हेही खरं ठरलं नाही. गावाच्या नाक्यावर नाकेदारानं टपावरची पोती बघितली. "कोळसा आहे. माल आहे. जकात भरा."

मी म्हटलं, "अहो, हे गाडीचं पेट्रोलच समजा. टाकीतल्या पेट्रोलची जकात घेता का?"

"टाकीत आहे ते गाडीच्या पोटात. हे डोक्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी नाका शंभर पावलांवर आला तशी सोनबानं गाडी थांबवली, दोन्ही पोती भट्टीत रिकामी केली आणि झाकण ठोकून बसवलं. नाकेदार आला. सोनबानं त्याच्यापुढं रिकामी पोती झटकली.

"आता पोटात गेला!"

भट्टी इतकी गच्च भरली होती की पुढं अर्धा दिवस गाडी जागची हलली नाही. पण जकात वाचली!

* * *

गोंदियाजवळ बिरसीला तेव्हा विमानांसाठी धावपट्टी झाली होती, त्यामुळे मिलिटरीच्या लॉऱ्या रस्त्यावर दिसायच्या. एकदा चढावर आमच्या मागून अशी लॉरी आली. भट्टीतून धूर, खालून ठिणग्या. गोऱ्या शिपायांना वाटलं, बस पेटली! त्यांनी आम्हाला थांबवलं, पॅसेंजरना ओढून बाहेर काढलं आणि सोनबा "अरे बाप्पा, माझी आग! माझी आग!" असं ओरडत असताना बादल्याच्या बादल्या पाणी भट्टीत ओतलं.

मग त्यांच्यातल्या एकानं घाम पुसत सोनबाशी हात मिळवला.

सोनबाला रेल्वेतलं जेवढं इंग्रजी येत होतं, तेवढं त्यानं वापरलं. "थँक्यू साहेब. नाऊ पुश!"

आणि त्यांनी ढकललीसुद्धा, पार चढ संपेपर्यंत!

* * *

रोवणीचे दिवस होते. देवरीहून निघताना आबकारीचा जमादार गाडीत चढला. सोबत दोरीनं बांधलेला आरोपी मंसाराम, आणि पुरावा म्हणून लाखेचं सील लावलेली मोहाच्या दारूची बाटली. गोंदियाच्या कोर्टात अकरा वाजता केस. आधीच्या दोन तारखांना जमादार वेळेवर पोचला नव्हता. आज चुकली तर नोकरीवर येणार होतं. मंसारामची तर त्याहून घाई, धानाची रोपं लावायची खोळंबली होती. "पऱ्हे पिवळे पडून राहिले, डायवरभाऊ. आज सुटलो नाही त यंदा धानाच्या बांधीत काहीच नाही."

रात्रीच्या पावसात कोळशाची पोती भिजली होती. आमगावच्या अलीकडे गॅस पडला आणि गाडी बंद. पुन्हा सुरू करायला पेट्रोलचा थेंब नाही. मी हँडल मारून मारून थकलो. जमादार सारखा घड्याळ बघत होता. सोनबा मात्र बाटलीकडे बघत होता.

"नाही!" जमादार ओरडला. "हा सरकारी पुरावा आहे!"

मंसाराम हळूच म्हणाला, "जमादारजी, पहिल्या धारेची आहे. काडी लावून पाहा, निळी जळते."

"म्हणजे तू कबूल करतोस?"

"मी मोटारीचं बोलून राहिलो."

साडेनऊ झाले. जमादारानं डोळे मिटले आणि बाटली पुढं केली. सोनबानं सील फोडलं, झाकणावर चार थेंब घेऊन काडी लावली. निळी ज्योत! मग सगळी बाटली टाकीत ओतली. तिसऱ्या हँडलला इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं! तेवढ्यात ओला कोळसाही तापला, गॅस धरला. अकराला पाच मिनिटं असताना आम्ही कोर्टाच्या आवारात. तिथं मॅजिस्ट्रेट साहेबांची छोटी मोटार विटांवर उभी होती, अंगावर ताडपत्री. कुपनं संपल्यापासून तशीच.

जमादारानं रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

साहेबांनी विचारलं, "माल कुठं आहे?"

"हुजूर, वेळेवर यायचं होतं... मोटारीत ओतला."

साहेबांनी मला बोलावून शपथ दिली. "ड्रायव्हर, बाटलीत काय होतं?"

मी मंसारामकडे बघितलं. त्यानं हात जोडले होते. दारू म्हणालो तर त्याची रोवणी गेली, पाणी म्हणालो तर शपथ मोडली.

"हुजूर, मी चाखली नाही. इंजिननं चाखली."

"मग इंजिन काय म्हणालं?"

"सुरू झालं, हुजूर."

साहेबांची नजर खिडकीबाहेर, ताडपत्रीकडे गेली. मग निकाल सांगितला, "पुरावा नाही. आरोपीला सोडा."

मंसाराम वाकून नमस्कार करत मागं सरकत दारापर्यंत पोचला, तेव्हा साहेबांनी त्याला थांबवलं. चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "एका बाटलीत किती मैल?"