तहान लागली तर काय करशील?

"चौऱ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "उभी राहा."

मी उभी राहिले. सातवीचा वर्ग. इंदूरमधली मुलींची शाळा. मध्य भारत नावाचं राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि शाळेत बुद्धी मोजायची टूमही नवीनच आली होती. बाईंच्या हातात यादी होती. एकेक नाव, नावापुढे आकडा. एकशेदहा. एकशेसोळा. त्या मुलींना बाईंनी उभं केलं नाही. फक्त मला.

"हा तुझ्या बुद्धीचा अंक. गणित, इंग्रजी तुला झेपायचं नाही. सोमवारपासून शिवणवर्गात बसायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "मैं तो पहले से बोल रही थी." वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं.

तिमाही परीक्षेत त्याच वर्गात मी गणितात पहिली आले होते. पेपर बाईंनीच तपासला होता. पण तो मुद्दा आता कुणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही नाही. मला वाटलं, आपल्या आत काहीतरी कमी आहे आणि चाचणी घेणाऱ्या साहेबांना ते दिसलं.

आम्ही महार. आजोबा खानदेशातून मिलच्या कामाला इथे आले. माझा बा सूतकताईच्या खात्यात होता. विणायच्या खात्यात आमच्या माणसांना घेत नसत. तुटलेला धागा तिथे तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि आमची थुंकी बाटवते. बा चिमटीत सूत धरून ते किती बारीक, त्याचा नंबर सांगायचा. डोळे मिटून. कधी चुकला नाही. त्याची बुद्धी मोजायला कुणी साहेब आला नाही.

चाचणी घेणारे साहेब आपले मराठीच. जुन्या दरबारी घराण्यातले. पांढरा कोट, गोड बोलणं. मोठ्या बाईंच्या खोलीत एकेकीला बोलवायचे. मला त्यांनी एक चित्र दाखवलं. टेबल, खुर्च्या, बशा, सुऱ्या. "यात काय कमी आहे?"

मी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "जेवायला माणसं नाहीत."

साहेबांनी फुली मारली. एका बशीजवळ काटा काढायचा राहिला होता म्हणे. काटा म्हणजे बाभळीचा, एवढंच मला ठाऊक.

मग पुढचा प्रश्न. "तहान लागली तर काय करशील?"

"घरी जाईन."

ते हसले. "नीट ऐक हं बाळ. तहान लागली. तर काय करशील?"

"घरी जाईन."

फुली.

शाळेत पाणी नव्हतं असं नाही. व्हरांड्यात माठ होता. मला त्याला हात लावायची बंदी होती. शिपाईण मावशी वरून ओंजळीत ओतायची, तेही तिची मर्जी असली तर. कायद्याने अस्पृश्यता संपली होती. कायदा त्या व्हरांड्यापर्यंत आलेला नव्हता. म्हणून मी तहान धरून ठेवायची आणि शाळा सुटली की पळत सुटायची. साहेबांना मी खरं तेच सांगितलं होतं.

बा शाळेत आला. टोपी हातात धरून मोठ्या बाईंपुढे उभा राहिला. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही.

"बाई, सगळ्या गल्लीची चिठ्ठीपत्री ही पोरगी वाचते जी. मंद कशी असंल?"

"अहो, बुद्धी जन्मतःच ठरलेली असते. त्यात शाळा काय करणार?"

बा गेला नाही. तसाच उभा राहिला. शेवटी त्याला घालवायला म्हणून बाई म्हणाल्या, साहेब पुढच्या आठवड्यात येतील, पुन्हा विचारतील.

गणिताच्या बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. यादी वाचणाऱ्या त्याच. आता त्यांनाही काही टोचत असावं. "अगं, तहानेच्या प्रश्नाला 'पाणी पिईन' म्हण. बस, इतकंच म्हण. अंक वाढला की मी तुला वर्गात परत घेते."

इतकंच. दोन शब्द. रात्रंदिवस घोकले. पाणी पिईन. पाणी पिईन. खोटं बोलायचं आणि हुशार व्हायचं.

साहेब आले. मोठ्या बाई शेजारी बसल्या. गणिताच्या बाई दारात. साहेबांनी मान हलवत, धीर देत विचारलं, "तहान लागली तर काय करशील?"

उत्तर ओठांवर होतं. उघड्या दारातून व्हरांड्यातला माठ दिसत होता. घसा खरंच कोरडा पडला होता.

मी म्हणाले, "साहेब, त्या माठातलं पिऊ? माझ्या हाताने?"

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "विचारलं त्याचं उत्तर दे."

"उत्तर तुम्हीच द्या ना बाई. पिऊ का?"

गणिताच्या बाईंनी मान खाली घातली. साहेब हळूच म्हणाले, "बाळ, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो."

"माठ नसतो सारखा," मी म्हणाले. "मग लिहा. घरी जाईन."

त्यांनी फुली मारली. मला दिसत होतं, त्यांना सगळं कळलं होतं. कळूनही मारली. त्या क्षणी माझ्या आतलं ते 'कमी' कायमचं गेलं.

आकडा तोच राहिला. वर 'उद्धट' हा शेरा चढला. बाने मला त्या शाळेतून काढलं, मिलजवळच्या शाळेत घातलं. मी मॅट्रिक झाले. मास्तरीण झाले. पण हे मी जिंकले म्हणून सांगत नाही. त्या शिवणवर्गात आमच्या गल्लीतल्या दोघी असाच आकडा पडून आधीपासून होत्या. त्यांचे बाप शाळेत आले नाहीत. त्यांना गणित कुणी शिकवलं नाही, इंग्रजी कुणी शिकवलं नाही. पुढे लोक म्हणाले, बघा, आकडा खरा ठरला.

आज माझ्या वर्गाच्या रजिस्टरातही मुलांच्या बुद्ध्यंकाचा रकाना आहे. मी तो भरत नाही. हेडमास्तर म्हणाले, भरणार नसाल तर लेखी द्या. मी लेखी दिलं. सही केली, सहीखाली पूर्ण नाव घातलं. एकाही पोराच्या नावापुढे माझ्या हाताने आकडा पडणार नाही. काय कारवाई करायची ती करा.