आत्याला गाडी लागते

माझ्या आत्याला गाडी लागते. लागते म्हणजे किती? दार लावून काच वर केली की हिचा चेहरा पांढराफटक, अजून इंजिन सुरूसुद्धा झालेलं नसतं! आणि गंमत म्हणजे बाईंचा धंदा काय, तर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणं. घरामागच्या शेडमध्ये तिचं मशीन दिवसभर खडखडत असतं. अर्धं गाव तिच्या शिलाईवर बसून फिरतं, ती मात्र बाजारातसुद्धा चालत जाते.

आई गेली तेव्हा मी एवढीशी होते आणि बाबांची नोकरी फिरतीची. मला वाढवलं ते आत्यानं, त्या शेडमध्ये, फोमच्या तुकड्यांवर झोपवून. शाळेची सहल असो की कुणाचं लग्न, आम्ही निघायचो आणि ती फाटकाशी उभी राहून हात हलवायची. "जा, मजा करा. मी आहे घरी."

यंदा बाबा रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात जंगलं शिरली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार राष्ट्रीय उद्यानं, एकामागून एक, आपल्याच गाडीनं! बाबांचं बोट नकाशावर पळतंय, माझा नवरा मुक्काम ठरवतोय, आणि लेक "अस्वल कुठल्या जंगलात दिसेल ते आधी सांगा" म्हणून अडून बसलेली. आत्या कोपऱ्यात मटार सोलत होती.

"सावकाश जा रे," ती म्हणाली. "मी आहे घरी."

माझं डोकंच फिरलं. "आत्या येणार नसेल तर मीही येत नाही. चुलीत घाला तुमची जंगलं!"

झालं. मग घरात सगळेच डॉक्टर झाले. गोळी घे, लिंबू हुंग, पुढच्या सीटवर बस. सगळं करून तिला एक चक्कर मारायला नेलं. दुसऱ्या वळणावर ती उतरली आणि पदर तोंडाला लावून चालत घरी आली. "माझ्यापायी तुमचा विचका नको गं," म्हणाली. मला त्या नकाशाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी भांडायला मी शेडमध्ये गेले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक गाडी बाहेर सोडून, किल्ली देऊन निघून गेलं. आत्यानं किल्ली घेतली, गाडीत बसली, मान मागे वळवली आणि दोन खांबांच्या मधून गाडी अलगद उलटी आत घेतली. खिडकीतून माझ्याशी वाद चालूच!

"आत्या," मी म्हटलं, "तुला मळमळत नाहीये?"

"आता कशाला मळमळेल? मी चालवतेय ना!"

बोलली आणि स्वतःच चमकून हातातल्या स्टिअरिंगकडे बघू लागली. रोज ती गाड्या आत घेते, बाहेर काढते. एवढी वर्षं आम्ही सगळे काय झोपा काढत होतो? आम्ही तिला कायम शेजारी नाहीतर मागे बसवलं. चालवायला कुणी दिलीच नाही.

"छे गं, शेडमधलं वेगळं," ती म्हणाली. "रस्त्यावर मला भीती वाटते."

बाबांनी ऐकलं आणि हसले. "ताई, या वयात तुला लायसन्स कोण देणार?"

बाबांचे आभारच मानायला हवेत. कारण हे ऐकून आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा नवरा शेजारी आणि ती स्टिअरिंगवर. हमरस्त्यावर पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा मी मागे बसून देवाचा धावा करत होते. आत्याच्या पोटातलं पाणीही हललं नाही. डोळ्यांतलं मात्र गालावर आलं.

"रस्ता असा समोरून येतो होय?" ती म्हणाली. "मी तर कधी डोळे उघडेच ठेवले नव्हते."

लायसन्स मिळेपर्यंत सहल पुढे ढकलली. बाबांनी कुरकुरत नकाशावरच्या रेघा खोडल्या आणि टप्पे लहान केले. आत्यानं आपल्या बेताच्या उंचीला पुरेल अशी जाड गादी ड्रायव्हरच्या सीटवर शिवली. तिचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही, आणि मला फेडायचेही नाहीत. मला फक्त ती गाडीत हवी होती.

निघायच्या सकाळी सामान भरून झालं. आत्या हॉर्न वाजवतेय आणि बाबा दारात उभे.

"अगं, कुलूप कुठंय?"

कुठे असणार? कपाटं पाहिली, खण उपसले. घरात कुलूपच नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. शेवटी नवऱ्यानं बॅगेचं चिमुकलं कुलूप काढून दाराला लावलं.

"अरे, असू दे तसंच," आत्या गाडीतून ओरडली, "मी आहे ना घ..." आणि जीभ चावली.

आम्ही पोट धरून हसलो. गाडी हलली तशी मी सवयीनं मागे वळून पाहिलं. फाटकाशी कुणीच नव्हतं.