लाईटीची सनई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. देवापुढे तर नाहीच — तिथे मी हात जोडून उभी राहते आणि मनात किराणा आठवत असते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. माझा हात लहानपणापासून सुटलेला. राग आला की आधी हात जातो, डोकं मागून येतं. बाळू माझा धाकटा भाऊ. त्याच्या दंडावर अजून एक पांढरा डाग आहे, तो मी तापलेल्या सोल्डरिंगने दिलाय. का, तर त्याने माझी पक्कड लपवली होती. नवऱ्याने एकदा थोबाडीत मारली, तर मी भरलेला तांब्या फेकून त्याची भुवई फोडली. मी कोल्हारला माहेरी निघून आले. तो न्यायला आला नाही, मीही गेले नाही. अण्णांच्या दुकानात बसू लागले. भारी तापट बाई, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं — उगाच कशाला खोटं बोलू?

अण्णा, म्हणजे आमचे वडील, रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा माळ्यावर व्हॉल्व्हचे जुने रेडिओ धूळ खात पडले होते. काचेचे व्हॉल्व्ह, जड ट्रान्सफॉर्मर, अंगठ्याएवढे कंडेन्सर. भंगारवाला सारखा विचारायचा. मी त्याला हाकलला आणि त्या सामानातून एक वाजवायचं यंत्र केलं. लांब फळीवर एक तार ताणलेली, तार दाबाल तिथला सूर खालच्या पेटीतून निघायचा. आणि काय सूर — नाकातून गाणारा, जरा चिरका, पण शिवारापलीकडे जाणारा! ते जमेपर्यंत कितीदा भिंतीवर आपटायला उचललं आणि खाली ठेवलं. एकदा खरंच आपटलं. पुन्हा जोडत बसले.

बाळू बेंजो पार्टीत होता. वरातीपुढे टेम्पोवर उभं राहून वाजवायचा. सोन्याची बोटं होती त्याची, हे मी रागातही म्हणेन. त्याने माझं यंत्र उचललं, त्यावर गाणी बसवली आणि बघता बघता सगळे त्या यंत्राला लाईटीची सनई म्हणायला लागले. बाळूची लाईटीची सनई. पार संगमनेरपर्यंतच्या सुपाऱ्या यायच्या. मी टेम्पोवर सोबत जायचे, कारण बिघाड झाला तर दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. व्हॉल्व्हच्या पेटीतला कंडेन्सर करंट साठवून ठेवतो. बटण बंद केलं, वायर उपसली, तरी तो भरलेला राहू शकतो, आणि हात लागला तर माणसाला उडवतो. म्हणून अण्णांनी शिस्त लावली होती. एकाने लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने कंडेन्सरची दोन टोकं जोडायची. फट्कन ठिणगी उडते आणि तो रिकामा होतो. आत हात घालणाऱ्याने विचारायचं, मेला का? दुसऱ्याने मेला म्हटल्याशिवाय हात घालायचा नाही. आम्ही दोघं पोरवयापासून हे करत आलो. तो विचारायचा, मी सांगायचे. बाळूला मी आयुष्यभर बदडलं, पण या एका शब्दात कधी फसवलं नव्हतं.

मग त्या दिवशी काय झालं? सांगते. राहुरीकडच्या एका गावात वरात होती, उन्हं नुकती कलली होती. टेम्पोवर पुढच्या बाजूला बेंजोवाले, त्यांच्या मागे बाळू, त्याच्या पाठीशी जनरेटर आणि शेजारी वायरींच्या पेटीवर मी. जनरेटरच्या पट्ट्यावरची जाळी कधीच तुटून पडली होती. पट्टा उघडाच फिरायचा. नवरदेवाच्या एका मित्राने माईकवर बाळूला विचारलं, हे वाद्य कुठून आणलं. बाळू माईकमध्ये म्हणाला, "आनलं न्हाई, म्या बनवलंय. समदं म्या. ही आमची ताई हाय, वायरी सांभाळती."

अख्ख्या गावाने ऐकलं. बायका माझ्याकडे बघून हसल्या, कौतुकानेच हसल्या असतील. माझी कानशिलं तापली. त्याचं डोकं धरून त्या फळीवर आपटावं असं वाटलं, आणि हे मी उगाच म्हणत नाही, मला ते डोळ्यांपुढे दिसत होतं. वास्तविक आधी एका लग्नात त्याने माझं नाव सांगायला माईक माझ्यापुढे धरला होता आणि मीच लाजून तो ढकलला होता. त्या वेळी हे मला आठवलं नाही का? आठवलं. पण त्याने राग तसूभरही कमी झाला नाही.

थोडं पुढे गेलो आणि सनई बंद पडली. बाळूने तिचं बटण बंद केलं, पेटीची मागची फळी काढली. स्पीकरसाठी जनरेटर चालूच होता. मी वाकून पाहिलं. एक व्हॉल्व्ह विझला होता. व्हॉल्व्ह विझला की कंडेन्सरमधल्या करंटला निघून जायला वाटच उरत नाही. तो गच्च भरलेला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात होता.

"ताई, मेला का?"

"मेला."

बस, एवढंच. रागाच्या भरात मी हात उचलला नाही, असा माझ्या आयुष्यातला तो एकच दिवस.

काय हवं होतं मला? एक झटका बसावा, गावासमोर त्याने किंचाळावं, त्याची फजिती व्हावी — असं मी स्वतःला सांगत आले. पण झटक्याने हात मागे उडतो हे मला माहीत होतं. मागे पट्टा फिरतोय हे दिसत होतं, दुपारपासून मी त्याच्याच शेजारी बसले होते. मग या दोन गोष्टी मी मनात जोडल्याच नव्हत्या का? नव्हत्या, असं आज लिहायला गेले तर लिहवत नाही.

त्याचा हात उडाला आणि पट्ट्यात गेला. जनरेटर थांबला नाही, नुसता घरघरला आणि हाताला आत ओढत राहिला. बाळूची किंकाळी माईकने पकडली आणि कर्ण्यांतून गावभर ऐकू गेली. रक्त माझ्या तोंडावर उडालं, ओठांवर आलं. घोडा उधळला, माणसं एकमेकांना तुडवत पळाली. कुणीतरी जनरेटर बंद केला, तोवर उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्यातलं एक मी टेम्पोच्या फळ्यांमधून उचललं, पदरात बांधलं आणि नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे ठेवलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि मला काय वाटत होतं? भीती वाटत होती, हो. पण त्या भीतीच्या तळाशी गार, बरं वाटत होतं. दवाखान्याच्या दारापर्यंत वाटत होतं.

पार्टीच्या मालकाने विचारलं, हे झालं कसं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाळू खाटेवरून म्हणाला, "ताईनं थांब म्हनलं हुतं. म्याच घाई केली." त्याला वाटलं, माझ्याकडून नजरचूक झाली. माझ्यावर काही येऊ नये म्हणून तो खोटं बोलला. मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना वाटलं, बिचारी रडतेय.

पुढे मी दुसरं यंत्र केलं. जुन्या रेडिओजवळ हात नेला की कधीकधी तो शिट्टी मारायचा, त्या युक्तीवर. एक उभी सळई असते, हात जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. कशालाच शिवावं लागत नाही, बोटंच लागत नाहीत. बाळू थोट्या हाताने ते वाजवतो आणि सुंदर वाजवतो.

परवा गावात त्याचा कार्यक्रम झाला. आम्हा दोघांचा सत्कार ठेवला होता. भाषण करणाऱ्याने बहिणीची माया असं बरंच काही सांगितलं. मग बाळू उठला. माईकजवळ गेला आणि म्हणाला, "पयली सनई बी ताईचीच हुती. म्या बनवली म्हनून सांगत फिरलो. देवानं मला त्याची शिक्षा दिली." आणि स्टेजवर, सगळ्यांदेखत, त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं.

लोक डोळे पुसत होते. कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. या वेळी मी तो ढकलला नाही.

"जाऊ दे, बाळू," मी म्हणाले. "माफ केलं म्या तुला."