वाळूच्या गिऱ्हाइकाची दाढी

शनिवार, ११ फेब्रुवारी. सकाळी सिलिंडर बदलला. भाचीला फोन केला, लागला नाही. दुपारी किनाऱ्यावरचा कलामहोत्सव पाहिला. खालच्या सलूनवाल्या अण्णांनी वाळूच्या माणसाची दाढी केली.

हे नीट सांगायला हवं. गेल्या वर्षापासून अण्णांचा हात थरथरू लागला, तसा लेकाने त्यांचा वस्तरा स्वतःच्या खिशात टाकला. "बाबा, आता तुम्ही फक्त आल्यागेल्याशी गप्पा मारायच्या." सारी उमर लोकांच्या गळ्याशी धार धरलेला माणूस पंख्याखाली जुनी मासिकं चाळत बसला. त्यांना अन्न गोड लागेना. वस्तरा पुन्हा हातात यावा, एवढंच हवं होतं.

महोत्सवात एकीकडे नाच, एकीकडे चित्रं आणि पाण्यालगत 'वाळूशिल्प स्पर्धा, कुणीही या' असा फलक होता. लोकांनी कासवं केली, किल्ले केले. अण्णांनी खुर्चीत मान मागे टाकून बसलेला एक गलेलठ्ठ माणूस केला. त्याला शेवाळाची दाढी लावली, गळ्यात आपला टॉवेल गुंडाळला, लाटेचा फेस गालांना फासला आणि आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने कामाला सुरुवात केली.

"मान हलवू नका," ते त्याला म्हणाले. "जावयाचं काय झालं मग?"

तेवढ्यात निवृत्त पोस्टमास्तर आले. दाढी चालू दिसली की माणूस सवयीने टेकतोच. "अण्णा, किती नंबर आहेत?"

"हे झाले की तुम्हीच."

मग शेजारचा शिंपी बसला. "चमचा धुऊन घ्या हं अण्णा. एकाचा दुसऱ्याला नको."

गुण द्यायला परीक्षक आले. त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला आणि तेही रांगेत बसले. 'परीक्षकांनी मंचावर यावं' असा पुकारा सुरू झाला.

"उठलो तर नंबर जाईल हो," ते म्हणाले आणि बसल्या जागेवरून जे कासव दिसत होतं, त्याला पहिलं बक्षीस देऊन मोकळे झाले.

सलून ओस पडलं म्हणून लेक धावत आला. त्याच वेळी मोठी लाट आली आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीसकट गेलं. मागे एक खड्डा आणि टॉवेल तेवढा उरला.

"बाबा, उठा. लोक हसतायत."

"कोण हसतंय?" पोस्टमास्तर कडाडले. "आम्ही नंबर लावलाय!"

अण्णा खड्ड्याकडे बघत होते. "अर्ध्यावर कुणाला सोडलं नव्हतं रे कधी."

लेक घुटमळला. मग शर्टाचं वरचं बटण काढून त्या खड्ड्यात बसला आणि खिशातला वस्तरा पुढे केला. "आधी माझी करा. लागलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही लागलं तर?"

"तर एक खुर्ची तुमची."

अण्णांनी ओंजळभर फेस आणला, वस्तरा उघडला. हवेत तो थरथर कापत होता. रांगेने डोळे मिटले. वस्तरा गालाला टेकला आणि हात थांबला. गाल झाले, हनुवटी झाली, गळा झाला. रक्त निघालं ते शिंप्याच्या ओठातून. भीतीने त्यानेच चावला होता.

लेकाने गळा चाचपला, उठून वाळू झटकली आणि रांगेकडे वळला. "चला, दुकानात चला सगळे. बाबा येतायत."

"पहिला मी!" पोस्टमास्तर ओरडले.

संध्याकाळची नोंद: सलूनची दोरी भरली, उरलेले ओले टॉवेल आमच्या दोरीवर. माझी चादर खुर्चीवर वाळत घातली.